आगीचे कारण

आमचं घर रामटेकच्या डोंगरापलीकडे, गावापासून मैलभर दूर, पानमळ्यातच होतं. पानमळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो बाहेरून गवताची मोठी झोपडी वाटेल. चारी बाजूंनी बांबूच्या आणि तुराट्यांच्या ताट्या, वरून गवताचं पातळ छप्पर, आणि आत ओळीनं चढलेले विड्याच्या पानांचे वेल. बाहेर चैत्राचं ऊन टाळू भाजत असलं तरी आत गार, ओला, हिरवा अंधार असायचा. चपला बाहेर काढूनच आत जायचं. बाबा तर आत मोठ्यानं बोलूही देत नसत. पानांना आवाज सोसत नाही, असं ते म्हणायचे. दुपारी आई आणि सोनाआत्या ओसरीवर बसून पानं निवडत, भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून करंड्यांत रचत. आठवड्यातून दोनदा बाबा त्या करंड्या मोटारीच्या टपावर टाकून नागपूरला, इतवारीत विकायला नेत.

सोनाआत्या बाबांची मोठी बहीण. लग्नानंतर चौथ्या वर्षी विधवा होऊन परत आली ती आमच्याकडेच राहिली. माझी आजी गेली तेव्हा काका पाळण्यात होता, त्याला आत्यानंच वाढवलं. काका पुढे नागपुरात गिरणीत लागला, त्याचं लग्न झालं, पण सुटीला घरी आला की आधी आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून आडवा व्हायचा. चांगला मिशा असलेला पुरुष! आई हसायची. आत्या म्हणायची, "हसू नको वं, माहं पहिलं लेकरू आहे थे." आत्याचे गुडघे गेलेले होते. उठताना भिंतीचा आधार घेत ती एकेका देवाचं नाव घ्यायची, आणि पूर्ण उभी राहीपर्यंत चार-पाच देव होऊन जायचे. तिच्या हातची अंबाडीची भाजी आणि भाताच्या पेजेचा वास मला अजून कुठल्याही स्वयंपाकघरात सापडलेला नाही.

डोंगर दरवर्षी जळायचा. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा पेटवत. ती आग कधी विझे, कधी गवतातून वर चढे. रात्री डोंगरावर लाल रेघ दिसली तरी आम्ही जेवत असायचो. त्या वर्षीही दोन दिवस ती रेघ दिसत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी वारा फिरला.

बाबा इतवारीत गेले होते. जेवणं उरकून आई आणि मी मळ्याच्या दुसऱ्या टोकाला विहिरीवर भांडी घासत होतो. भांड्यांसाठी राख मीच चुलीतून काढून आणली होती. सकाळच्या भाकरी झाल्यावर चूल कधीच विझली होती. राख हातानं उचलून टोपलीत भरली, पाण्यासारखी गार होती. हे मी इतकं बजावून का सांगते ते पुढे कळेल. आधी वास आला, मग घर आणि डोंगर यांच्यामधल्या माळावरून गवत तडतडत येताना ऐकू आलं. आम्ही धावलो तोवर गोठ्याचं छप्पर पेटलं होतं, आणि गोठ्याला लागूनच घर. आत्या अंगणात आली होती. ती सुखरूप उभी होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आई लांबूनच ओरडली, "आक्का, तशाच थांबा!" पण गोठ्यात वासरू बांधलेलं होतं, ते हंबरलं, आणि ज्या बाईला उठायला चार देव लागायचे ती पळत आत गेली.

आईनं तिला बाहेर ओढून काढलं. आईच्या दोन्ही कोपरांवरचे डाग शेवटपर्यंत गेले नाहीत. बैलगाडीनं रामटेक आणि तिथून एका व्यापाऱ्याच्या ट्रकमधून नागपूर, असा आमचा प्रवास झाला. दवाखान्यात आत्या चार दिवस होती. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "वासरू निघालं का गा?" बाबांनी तोंड फिरवलं. आई तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "निघालं आक्का. मायजवळ पिऊन राहिलं." वासरू गेलं होतं. चौथ्या दिवशी आत्याही गेली. काका गिरणीच्या कपड्यांतच ते चारही दिवस तिच्या खाटेपाशी बसून होता.

मग आम्ही तिघं काकाच्या घरी राहिलो. इतवारीत भांड्यांच्या बाजारामागे त्याच्या दोन खोल्या होत्या. सकाळपासून तांब्यापितळेवर हातोड्यांचा ठोक ठोक आवाज चालायचा. पानमळ्याच्या शांततेत वाढलेल्या मला पहिले काही दिवस वाटायचं की कुणीतरी माझ्याच डोक्यात काही घडवतंय. काकू गरीब स्वभावाची. पाच माणसांचा स्वयंपाक वाटीवाटीनं मोजून करायची, आणि स्वतःला कमी पडलं की भूक नाही म्हणायची. बाबा भिंतीला टेकून बसत. पानमळा एका दुपारीत राख झाला होता. वेल पुन्हा लावून उभे करायचे तर दोन वर्षं हवीत, आणि त्या जागेकडे पाहायलाही बाबा तयार नव्हते.

अशात एक दिवस देवराव आले. देवराव विम्याचे एजंट. दर गुरुवारी बाबांकडून कपुरी पानं घेता घेता त्यांनी तीन वर्षांपूर्वी बाबांच्या गळ्यात घराचा आणि घरातल्या सामानाचा आगीचा विमा घातला होता. बाबांना कुणाला नाही म्हणता येत नसे, म्हणूनच तो विमा झाला होता. दरवर्षी ते कुरकुरत हप्ता भरत आणि विसरून जात. देवरावांनी आल्याआल्या सांगितलं की पॉलिसीची नक्कल ऑफिसात आहे, अर्ज करायचा, आणि घरात काय काय होतं त्याची यादी द्यायची.

मी त्याच वर्षी मॅट्रिक झाले होते आणि माझं अक्षर चांगलं होतं, म्हणून यादी माझ्याकडे आली. दुपारी काका पाळीवर गेला की आई माझ्यासमोर बसायची आणि डोळे मिटून घरात शिरायची. खरोखर शिरायची. "दारातून आत आलं का डाव्या हाताले घडवंची. तिच्यावर पाच वाकळा. एक नवीन, आक्कानं शिवलेली." मी लिहायची. "फळीवर पाण्याच्या पितळी गुंड्या, लहान-मोठ्या तीन. मोठीले कान नव्हता, तसं लिव, खोटं नको." तांदळाची कोठी, तिच्यात किती तांदूळ उरला होता तो तिनं हातानं उंची दाखवून सांगितला. सुकवलेला मोह. पाटा. वरवंटा लिहू की नको, तो दगड जळतो का, यावर ती बराच वेळ विचार करत राहिली. बाबांचं लग्नातलं उपरणं आलं तेव्हा बाबा उठून बाहेर गेले. देवघरातल्या टाकांची किंमत काय लावायची ते आम्हा दोघींना कळेना. शेवटी आत्याच्या पत्र्याच्या पेटीपाशी ती आली आणि तिनं डोळे उघडले. "पेटी राहू दे," ती म्हणाली, "तिच्यात काय होतं थे मले माहीत नाही. मी कधी उघडली नाही." वीस वर्षं एका घरात राहून! यादी तीन पानं झाली. एका संसाराची तीन पानं. देवरावांनी ती वाचली आणि म्हणाले, "पावत्या?" वाकळेची पावती कुठून आणणार?

पण खरा घोळ पुढेच होता. देवराव पॉलिसीचा कागद घेऊन पुन्हा आले तेव्हा दुपार होती, काकू शेजारी गेली होती. त्यांनी कागदाची मागची बाजू काढली, चष्मा कपाळावर चढवला आणि बारीक इंग्रजी अक्षरांतली एक ओळ आम्हाला मराठीत सांगितली. जंगल, झुडपं किंवा गवत जळून जी आग येईल ती या विम्यात धरली जाणार नाही.

"म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे डोंगराची आग चालत नाही, भाऊ. घरातली आग चालते. दिवा पडला, चूल भडकली, असं." देवरावांचा आवाज खाली आला. ते वाईट नव्हते. त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती, की तीन वर्षं हप्ते घेताना ही ओळ त्यांनी सांगितली नव्हती. "पंचनाम्यात काय लिहिलं आहे ते मी पाहिलं. आग लागून घर जळाले, कारण समजले नाही. इतकंच. आता अर्जात एक रकाना आहे. आगीचे कारण. तो कोरा आहे."

बाबा म्हणाले, "डोंगरावून आली आग. साऱ्या जगानं पाह्यली."

"साऱ्या जगानं डोंगर जळताना पाहिला. तो तर दरसाल जळतो. घर कसं पेटलं ते कोणी पाहिलं?"

"माह्या बायकोनं पाह्यलं. माह्या पोरीनं पाह्यलं." बाबांनी कागद सरकवला. "नाही देवराव. बहीण गेली माही त्या आगीत. तिच्यावर मी खोटं नाही सांगाचा."

बाहेर हातोडे चालू होते. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. कोपरांना अजून फडकी बांधलेली. ती म्हणाली, "वच्छे, लिव."

"काय लिहू?" मी विचारलं.

"लिव, चुलीतल्या इस्त्यानं आग लागली."

"आई, चूल थंड होती. मी राख काढली—"

"मले माहीत नाही का?" ती माझ्यावर पहिल्यांदाच इतकी ओरडली. मग बाबांकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "अवो, भाऊजीचं घर दोन खोल्याचं. जाऊबाई उपाशी झोपून राहिली आपल्यापायी, दिसत नाही का तुमाले? पोरगी लग्नाची. आक्का आता परत येते का? चूल माही आहे. माह्या चुलीचं नाव मी सांगतो. तुमी कशाले खोटे पडता?"

बाबांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. ते खाली पाहत राहिले, आणि त्यांचं ते खाली पाहणं हेच उत्तर धरून मी लिहिलं. देवरावांनी सांगितलेली इंग्रजी ओळ, माझ्या चांगल्या अक्षरात. जाताना त्यांनी बजावलं, हे घरातल्या दुसऱ्या कोणाला बोलू नका, क्लेम पास होईपर्यंत तर नाहीच. काका सरळ माणूस होता. त्याला कोणी विचारलं असतं तर त्यानं खरं तेच सांगून टाकलं असतं.

आजही बँकेत किंवा दवाखान्यात एखाद्या कागदावर 'कारण' असा रकाना आला की मी पेन सुनेच्या हातात देते. तिला वाटतं, माझा हात थरथरतो.

कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. सर्व्हेअर पाहणीला आला तेव्हा श्रावण लागला होता आणि जळलेला डोंगर गुडघाभर हिरव्या गवतानं झाकून गेला होता. आमच्या घराची काळी जोती तेवढी उघडी होती, त्यांवरही कुठे कुठे तरोट्याचं तण उगवलेलं. सर्व्हेअर तरुण होता, बूट चिखलानं भरले म्हणून वैतागलेला. त्यानं फुटलेल्या चुलीचे दगड पाहिले, एकदा डोंगराकडेही पाहिलं. मग आईला विचारलं, "बाई, त्या वेळी चुलीत विस्तव होता?"

"होता," आई म्हणाली. "दूध ठेवलं होतं तापवाले. मी विहिरीवर गेली, मले वाटलं आताच येतो. दूध उतू गेलं असन, लाकूड बाहेर पडलं असन. बाजूले तुराट्या होत्या."

दुधाचं आमचं काही ठरलं नव्हतं. देवरावांनी शिकवलं नव्हतं. तिनं ते तिथल्या तिथे, त्या जोत्यावर उभं राहून रचलं, आणि इतकं खरं सांगितलं की मला क्षणभर ते भांडंसुद्धा दिसलं. सर्व्हेअरनं लिहून घेतलं. आईनं अंगठा नाही, सही केली. नुकतीच मी शिकवलेली. तिनं आयुष्यात पहिल्यांदा सही केली ती या जबाबावर.

क्लेम मंजूर झाला, अर्ध्याहून थोडा अधिक. वाकळा, टाक, मोह हे सगळं कापलं गेलं. मंजुरीचं रजिस्टर पत्र काकाच्या पत्त्यावर आलं, जबाबाच्या नकलेसह. आम्ही घरी नव्हतो. काकानं सही करून घेतलं आणि मोठ्या कौतुकानं गिरणीतल्या एका कारकुनाकडून वाचून घेतलं, भावाचं काम झालं म्हणून.

त्या संध्याकाळी काकूनं पाटवड्यांचा रस्सा केला होता, घरात चांगली बातमी होती ना! काका ताटावर बसला, एक घास घेतला आणि थांबला. "वहिनी," तो म्हणाला, "तुमी दूध ठेवून गेल्ता चुलीवर?"

आईनं हातातली भाकरी परत टोपलीत ठेवली.

"मले त तुमी डोंगर सांगतला होता. दवाखान्यात, आक्काच्या खाटेपाशी. डोंगरावून आली म्हणून." त्याचा आवाज फाटत चालला होता. "खोटं सांगतलं मले?"

मी बाबांकडे पाहिलं. एक वाक्य पुरेसं होतं. पैसे अजून हातात यायचे होते, देवरावांची ताकीद होती, दार उघडं होतं आणि शेजारी दोन हातांवर. बाबांचा घास हातात तसाच होता. आई म्हणाली, "हो भाऊजी. माही चूक झाली."

काका उठला. हात धुवायचंही त्याला सुचलं नाही. दारात थांबून तो म्हणाला, "तुमच्या चुलीनं माही माय खाल्ली, वहिनी." आणि निघून गेला. काकू रस्स्याच्या पातेल्याजवळ बसून रडत होती. आम्ही आठ दिवसांनी तिथून निघालो.

त्या पैशांतून बाबांनी शहराबाहेर दोन खोल्या घेतल्या आणि इतवारीच्या तोंडाशी पानाचं दुकान टाकलं. आमचं बरं झालं. लोक म्हणायचे, सावरले बिचारे. माझं लग्नही त्याच घरातून झालं. काका लग्नाला आला, अक्षता टाकून जेवण न करता गेला. पैसे मिळाल्यावर बाबांनी त्याला खरं सांगायला हवं होतं. सुरुवातीला ते म्हणत, दिवाळीला सांगू. मग म्हणत, तो ऐकायच्या मनःस्थितीत नाही. मग वर्षं इतकी साचली की सांगितलं तर दुसराच प्रश्न आला असता: इतकी वर्षं गप्प काहून होता? मी त्यांना दोष देत नाही. सांगायला मीही होते. सासरच्या अंगणातून उठून इतवारीत जायला मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं.

बाबा गेले. आई एकटी पडली आणि हळूहळू त्या आगीबद्दल बोलू लागली. आधी कधीच बोलत नसे. एकदा मी माहेरी गेले असताना गॅसवरचं दूध उतू गेलं, साधं उतू गेलं, तर ती भिंतीला धरून खाली बसली. "मी तवाही अशीच गेली सोडून," ती म्हणाली. मी म्हटलं, "आई, तेव्हा दूध नव्हतंच. चूल थंड होती. मी राख काढली होती." तिनं माझ्याकडे अशा दयेनं पाहिलं, की मी तिला बरं वाटावं म्हणून काहीबाही सांगते आहे. "वच्छे," ती म्हणाली, "कागदावर तूच तं लिवलं होतं."

त्या रात्री मी झोपले नाही. सकाळी उठून सरळ काकाकडे गेले. काका म्हातारा झाला होता, गिरणी केव्हाची सुटली होती, काकू नव्हती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. डोंगर, देवराव, तो रकाना, काकूचं उपाशी झोपणं, सगळं. तो खाटेच्या कडेला सरकून बसला. मग म्हणाला, "माह्यापायी केलं म्हणते तू. माह्या घरातून निघाले पायजे म्हणून."

"आपल्या सगळ्यांपायी, काका."

"आन मी तिले काय बोललो!" तो उठला, टोपी शोधू लागला. टोपी डोक्यावरच होती.

पण आईच्या घरी आमचं जाणं त्या दिवशी झालं नाही. मी काकाकडे असतानाच आई मोरीत पडली होती. शेजाऱ्यांनी तिला धंतोलीतल्या दवाखान्यात नेलं, तिथे आम्ही पोचलो. दोन दिवसांनी ती जरा शुद्धीवर आली. काका तिच्या खाटेजवळ गेला. आयुष्यभर ज्या भावजयीशी तो ताठ वागला होता तिच्या पायांवर त्यानं डोकं ठेवलं. "वहिनी, मले माफ करा. पोरीनं सांगतलं सारं. डोंगरावून आली होती आग. तुमचा काई दोष नव्हता."

आईनं त्याचं डोकं बाजूला करायला हात उचलला, तो अर्ध्यावरच राहिला. "उठा भाऊजी," ती म्हणाली. "पोरगी मन राखते माहं. काहाची माफी? मीच सोडून गेली चूल. तुमच्या मायले मी नाही वाचवू शकली."

काका माझ्याकडे पाहू लागला. मी मान हलवली. आईला आता तेच खरं वाटतं, हे त्याच्या लक्षात आलं.

त्यानं तिला समजावायचा प्रयत्न पुन्हा केला नाही. रोज सकाळी तो यायचा, नर्सनं आणलेला चहा बशीत ओतून निववायचा आणि चमच्यानं तिला पाजायचा. अकराव्या दिवशी तिनं चहा घेतला नाही. काकानं बशी खाली ठेवली, तिचा हात हातात घेतला, आणि कोपरावरच्या त्या जुन्या डागावरून अंगठा फिरवत म्हणाला, "बरं वहिनी. तसं तं तसं. केलं मी माफ."

आईनं डोळे मिटले. तिला बरं वाटलं, हे मला स्पष्ट दिसलं.